मागच्या चाकाचा दांडा

आमच्या सोसायटीच्या गवत कापायच्या यंत्राला मागे एक छोटं चाक आहे. यंत्र ट्रॅक्टरला मागून जोडतात, ट्रॅक्टर ते ओढत नेतो, आणि यंत्राचं शेपूट जमिनीवर घासू नये म्हणून हे चाक त्याला खालून आधार देतं. चाक जेवणाच्या ताटाएवढं. ते ज्या उभ्या लोखंडी दांड्याला बसवलंय तो दांडा अंगठ्यापेक्षा थोडा जाड. गेल्या पावसाळ्यात हा दांडा चार वेळा वाकला. त्यातल्या तीन वेळा तो मी उपाय केल्यानंतर वाकला. हे मी आता शांतपणे लिहू शकतो.

मांजरीत आमच्या सोसायटीच्या मागे साडेतीन एकर मोकळी जागा आहे. तिथे उद्यान होणार अशी पाटी होती. पाटी गंजून पडली, जागा राहिली. पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत वाढतं. शाळेची बस मोठी असल्यामुळे आमच्या फाटकाशी वळत नाही, ती पलीकडच्या रस्त्यावर थांबते. त्यामुळे रोज सकाळी सत्तर-पंचाहत्तर मुलं पाऊलवाटेने हे मैदान ओलांडून बसला जातात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या पाऊलवाटेवर एक घोणस आडवी पडलेली दिसली. आमच्या मजल्यावरच्या निकिताने तिचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. फोटो इतका स्पष्ट होता, की सापापेक्षा निकिता किती जवळ उभी होती याचीच सगळ्यांना धास्ती वाटली.

त्याच आठवड्यात सोसायटीने यंत्र घेतलं. ट्रॅक्टर हिंदुरावांनी दिला. आमच्या बारा इमारती ज्यांच्या उसाच्या जमिनीवर उभ्या आहेत ते हे हिंदुराव. ते अजूनही इमारतींना नावाने ओळखत नाहीत. "तुम्ही व्हय, आडसालीच्या तुकड्यातले," असं मला म्हणतात; आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस असे. ट्रॅक्टर मागायला गेलो तेव्हा त्यांनी फार वेळ घेतला नाही.

"पोरांच्या पायाखाली जनावर येतंय, आन् ट्रॅक्टर शेडात ठिवून मी काय त्याची पूजा करू? न्या. संपत चालवील."

संपत हा त्यांचा ड्रायव्हर. पन्नाशीचा, डोक्याला कायम टोपी, बोलणं बेतास बात. अठ्ठावीस वर्षं ट्रॅक्टरवर काढलेला माणूस.

पहिला दांडा पहिल्याच दिवशी वाकला. मैदानाच्या कोपऱ्यात संपत ट्रॅक्टर मागे घेत होता. यंत्र बघायला आलेली मुलं जवळ सरकली, त्यांना लांब करण्याच्या नादात यंत्र वर उचलायची कळ ओढायची राहून गेली, आणि मागचं चाक गवतात दडलेल्या एका हद्दीच्या दगडावर जाऊन बसलं.

"मागं घेताना यंत्र उचलाया पायजे. माझं चुकलं," संपत म्हणाला.

विषय तिथे संपायला हरकत नव्हती. पण त्याच संध्याकाळी सोसायटीची सभा होती, आणि माझ्या डोक्यावरचा पंखा फार जोरात फिरत होता. तो कमी करा असं सांगायला मी हात वर केला. सभेपुढे त्या क्षणी "यंत्राची देखभाल कोण बघणार?" हा प्रश्न होता. टाळ्या संपेपर्यंत पंख्याचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता, मी या कामाला अगदीच नालायक होतो असं नाही. पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात माझी नोकरी झाली. पंपावर 'योग्य' अशी जी हिरवी चिकटपट्टी असते, तिच्यावरची सही माझी असे. पंप मी कधी बनवला नाही. पण बनवलेल्या पंपात काय खोट आहे ते मला दिसत असे, आणि बनवणाऱ्यांना ते आवडत नसे.

वाकलेला दांडा मी स्कूटरवर पायांशी उभा धरून बिबवेवाडीला नेला. मांजरीपासून बिबवेवाडीपर्यंत लेथ मशीनची निदान वीस दुकानं लागतात. पण आमच्या खालच्या मजल्यावरचे हिंमतराव म्हणाले होते की दांडा सरळ करणारा माणूस पुण्यात एकच, बिबवेवाडीचा रविराज. हिंमतराव एका बस डेपोच्या भांडारातून निवृत्त झालेत. गाड्यांच्या सुट्या भागांची नावं त्यांना तोंडपाठ आहेत. ते भाग गाडीत कुठे बसतात याच्याशी मात्र त्यांचा संबंध आला नव्हता.

रविराजच्या दुकानात भिंतीवर पाटी होती: 'काम चालू असताना सल्ला देऊ नये. मागूही नये.' त्याने दांडा हातात घेतला, एकदा डोळ्यासमोर धरला, आणि म्हणाला, "दोन तास."

"हा पुन्हा वाकू नये म्हणून काय करावं?" मी विचारलं.

त्याने पाटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग मी बाहेर जाऊन चहा प्यायलो.

दगडापासून सुरुवात करायची असं मी ठरवलं. दगड काढला की चाक आपटणार नाही, इतकं सरळ होतं. पण हद्दीचा दगड असा उपटता येत नाही एवढं मला कळत होतं, म्हणून मी रीतसर जमीन मोजणीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकांनी नकाशा पसरला, चष्मा वर केला, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "इथे दगड नाहीये."

"मी काल त्याच्यावर बसलो होतो."

"असाल. नकाशात नाहीये."

"मग काढून टाकतो."

"हद्दीचा दगड परवानगीशिवाय हलवता येत नाही."

"मग परवानगी द्या."

"नसलेल्या दगडाची?" त्यांचा सूर वैतागाचा नव्हता. लहान मुलाला भागाकार शिकवावा तसं त्यांनी मला समजावलं. "आधी दगड आहे असा अर्ज करा. मोजणी होईल. दगड आहे असं ठरलं, की मग तो हलवायचा अर्ज करा."

"मोजणी कधी होते?"

"पावसाळ्यात होत नाही. गवत असतं. तुम्ही आधी गवत कापून घ्या."

मी घरी आलो आणि दगडाला चुना फासला. गवतात पांढरा दगड लांबूनही दिसावा, एवढाच हेतू होता. चौथ्या दिवशी माझी पत्नी कौशल्या बाल्कनीतून कपडे काढता काढता म्हणाली, "अहो, तुमच्या दगडाला कोणीतरी जास्वंद वाहिलंय." आठवडाभरात हळदकुंकू आलं, एक नारळ आला, मग एक छोटी घंटा आली. संपत त्या कोपऱ्यात गेला की टोपी काढून दहा फूट लांबून ट्रॅक्टर न्यायला लागला. त्यानंतर चाक त्या दगडाला कधीच लागलं नाही. माझा हा एकच उपाय यशस्वी झाला, आणि त्याचं श्रेय देवाला गेलं.

पण मैदानात दगड एकच थोडा असतो? मागे घेताना यंत्र उचलायची आठवण संपतला दरवेळी व्हायला हवी होती. यावर निकिताने तोडगा सांगितला. निकिता हिंजवडीच्या एका कंपनीचं काम घरून करते.

"काका, सिंपल आहे. रिव्हर्सला बझर लावा. बझर वाजला की ड्रायव्हरला रिमाइंडर मिळेल. बेसिक आहे हो हे."

बुधवार पेठेत मी चार दुकानं फिरलो. चौथ्या दुकानदाराने विचारलं, "कार की ट्रक?"

"ट्रॅक्टर."

"ट्रॅक्टर मागे घेताना कोणाला कळायचं बाकी राहतं का?"

मी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने ती मधे न बोलता ऐकली, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालेल असा एकच भोंगा आहे, तो घ्यायचा तर घ्या, नाहीतर वाट सोडा, मागे गिऱ्हाईक उभं आहे, असं सांगितलं. मी तो घेतला. तो नुसता वाजत नाही, त्यात धून आहे, हे ट्रॅक्टरला जोडल्यावर कळलं. ट्रॅक्टर मागे निघाला की त्यातून लग्नातली सनई वाजे आणि मधूनमधून एक बाई हिंदीत सावध राहायला सांगे. गवत कापताना ट्रॅक्टर तासात चाळीस वेळा मागे येतो. दुसऱ्या दिवशी ए इमारतीतून लेखी तक्रार आली. तिसऱ्या दिवशी निकिताच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये अमेरिकेतल्या साहेबाने घरातल्या लग्नाबद्दल तिचं अभिनंदन केलं. ग्रुपवर माझ्या नावापुढे 'सनईवाले' असं कोणीतरी लिहिलं. कोणी ते मला माहीत आहे.

संपतने तक्रार केली नाही. त्याने ट्रॅक्टर मागे घेणंच बंद केलं. मागे यायचं तिथे तो जागच्या जागी झोकात वळवू लागला, आणि वळताना यंत्र खालीच राहू लागलं. वळणाबरोबर मागचं चाकही फिरायला हवं. पण त्याच्या खोबणीत चिखल वाळून घट्ट बसला होता. ती रोज साफ करून ग्रीस भरायचं काम माझ्या देखभालीत येत होतं, हे मला नंतर सांगण्यात आलं. चाक फिरलं नाही, फरफटत गेलं, आणि दांडा आडवा वाकला.

"या वेळी डावीकडे," रविराज म्हणाला. एवढंच म्हणाला.

भोंगा काढला. आता इतरांचे सल्ले पुरे, तपासणी विभागाची शिस्त आणायची, असं मी ठरवलं. दोन दिवस बसून अकरा नियम लिहिले, ते टाइप करून घेतले, त्यांच्यावर प्लास्टिक चढवलं आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डला तारेने बांधले. नियम सहावा, 'मागे घेण्यापूर्वी यंत्र उचलावे.' नियम सातवा, 'वळण्यापूर्वी यंत्र उचलावे.' इथपर्यंत सगळं योग्यच होतं. पण पहिला नियम, ज्याचा मला सगळ्यांत अभिमान होता, तो असा: 'यंत्र जमिनीशी पूर्णपणे समांतर असावे व त्यात कोणतीही ढिलाई नसावी.'

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. ट्रॅक्टर आणि यंत्र यांना वरच्या बाजूने जोडणारा एक आखूड आडवा दांडा असतो, त्याला टॉप लिंक म्हणतात. पिळला की तो लांब किंवा आखूड होतो. संपतने तो ढिला ठेवला होता. यंत्र चालताना तो खुळखुळत असे आणि यंत्राचं शेपूट वरखाली नाचत असे. ज्या माणसाने आयुष्यभर खुळखुळणारे पंप परत पाठवले, त्याला हे बघवणं शक्य नव्हतं. मी गवंड्याकडून पाणसळ आणली, यंत्रावर ठेवली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत टॉप लिंक पिळली आणि नट पान्याने आवळला.

संपत बाजूला उभा होता. "साहेब, ते ढिलंच बरं असतंय."

"का?"

"जमीन वरखाली हाय."

"म्हणजे नेमकं काय होतं?"

त्याने दोन्ही तळहात एकापुढे एक धरले, पुढचा उंच केला, मागचा खाली दाबला, आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्यातून काही बोध झाला नाही.

"असं नको," मी म्हणालो. "काय म्हणणं असेल ते लेखी द्या. मी विचार करीन."

त्याने टोपी नीट केली आणि ट्रॅक्टरवर चढला. अकरा नियमांकडे एकदा बघून म्हणाला, "समदं ठीक हाय. पर चालवताना वाचू कधी?"

तिसरा दांडा तीन दिवसांनी वाकला. मागे घेताना नव्हे, वळताना नव्हे. सरळ जाताना. म्हणजे नियम पाळून.

आता हिंमतरावांनी सूत्रं हातात घेतली. "बोधनकर, साधी गोष्ट आहे. वाकतो म्हणजे बारीक आहे. दुप्पट जाड करा. आमच्या भांडारात असे दांडे होते, वीस वर्षं पडून होते, एक वाकला नाही."

रविराजला सांगितलं तेव्हा त्याने प्रथमच हातातलं काम थांबवलं. "जाड करून देतो. पण मग दुसरं काहीतरी वाकेल."

"काय?"

"जे बारीक असेल ते."

जाड दांडा बसवला. तो वाकला नाही. चौथ्या दिवशी तो ज्या पट्टीला बसवला होता ती पट्टीच मधून दुमडली, आणि यंत्र कंबर धरलेल्या माणसासारखं एका अंगाने मैदानात उभं राहिलं. पट्टी सरळ करणं हे काम स्कूटरवर नेण्यासारखं नव्हतं. यंत्र टेम्पोत घालून बिबवेवाडीला गेलं आणि नऊ दिवस तिथेच राहिलं.

त्या नऊ दिवसांत पाऊस आणि ऊन आलटून पालटून पडलं. गवताला याहून चांगलं काही नसतं. सातव्या दिवशी सकाळी डी इमारतीतली सोनू नावाची दुसरीतली मुलगी बसकडे पळत असताना तिचा पाय घोणशीच्या अगदी शेजारी पडला. मुलगी वाचली. मागून येणाऱ्या एका आईने तिला दंडाला धरून मागे ओढलं म्हणून वाचली. त्या संध्याकाळी ग्रुपवर विनोद आले नाहीत. एकच प्रश्न आला, तीस-चाळीस लोकांकडून. गवत का कापलं जात नाही?

मी उत्तर द्यायला बसलो. घाबरलेला माणूस नीटनेटकं लिहितो, हे त्या दिवशी मला कळलं. दोन पानी अहवाल झाला, त्यात एक तक्ता, आणि शेवटी निष्कर्ष: 'वारंवार होणाऱ्या बिघाडाचे कारण चालकाचा निष्काळजीपणा हे आहे.' खाली सही केली. एक प्रत ग्रुपवर टाकली, एक हिंदुरावांकडे दिली.

हिंदुरावांनी अहवाल दोनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला. "लिहून आलंय म्हणल्यावर मला त्याला ट्रॅक्टरवर ठेवता येत न्हाय," ते म्हणाले. "उद्यापासून संपत न्हाय."

मला वाटलं होतं ते त्याला रागावतील. एखाद-दुसरा शब्द बोलतील. मी तसं म्हणालोही.

"बोललो असतो. तुम्ही तोंडी सांगितलं असतं तर." त्यांनी खिशावर हात थोपटला. "आता ट्रॅक्टर चालवणार कोण ते सांगा."

"तुमचा दुसरा कोणी?"

"पुतण्या हाय, विक्रम. त्यो चाकणला कंपनीत. तुम्ही अकरा नियम लिवलेत. मंजी तुम्हाला येत असणार."

मला खरोखर थोडंसं येत होतं. अमरावतीकडे मामाच्या शेतात कॉलेजात असताना मी ट्रॅक्टर चालवला होता. हे कोणाला सांगायची गरज नव्हती, पण मी सांगितलं.

यंत्र आलं. पट्टी सरळ झाली होती, मूळचा बारीक दांडा परत बसवला होता, टॉप लिंक मी स्वतः पाणसळीने तपासून आवळली. रविवारी सकाळी मी ट्रॅक्टरवर चढलो तेव्हा बाल्कन्या भरल्या होत्या. निकिता मोबाइल उभा धरून कठड्याशी होती. हिंमतराव खाली उतरून फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. हिंदुराव काठी टेकून उभे होते.

पहिली फेरी उत्तम झाली. वळताना यंत्र उचललं, वळलो, खाली ठेवलं. कोणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्या फेरीत मैदानाच्या मध्यावर पावसाचं पाणी वाहून जायला पडलेली एक उथळ चारी आहे, तिच्यात ट्रॅक्टरची पुढची चाकं उतरली. मी सरळ जात होतो, सावकाश जात होतो. पुढची चाकं पलीकडच्या कडेवर चढली, ट्रॅक्टरचं नाक वर झालं, आणि मागे काहीतरी करकचलं. तो आवाज मी ओळखत होतो. मी न बघताच ट्रॅक्टर बंद केला.

मैदानात एवढी शांतता झाली की चार नंबरच्या फ्लॅटमधला कुकर ऐकू आला.

हिंदुराव गवतातून चालत आले. त्यांनी वाकून दांडा पाहिला. "नियम कुठला मोडला तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले, आणि निघून गेले.

घरी कौशल्याने ताट वाढलं. मग म्हणाली, "मी सगळं बघितलं. तुम्ही नीट चालवत होतात."

"मग?"

"मग तोही नीटच चालवत असणार."

मी जेवण अर्धं टाकलं नाही. पण चव कशाचीही लागली नाही.

दुपारी दांडा घेऊन बिबवेवाडीला गेलो. रविवार असूनही रविराज दुकानात होता. मी दांडा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि पाटीकडे न बघता म्हणालो, "मला सल्ला हवाय. तुम्हाला राग आला तरी चालेल."

त्याने दांडा उचलला, उजेडाकडे धरला. "हा चौथा. पहिला पुढे वाकलेला होता. म्हणजे मागे घेताना कशावर तरी आपटला. दुसरा आडवा, म्हणजे वळताना फरफटला. तिसरा आणि हा, दोन्ही वरून दाबून वाकलेत. पट्टीही तशीच. यंत्राचं सगळं वजन, शिवाय ट्रॅक्टरचा जोर, या एवढ्याशा चाकावर आलाय." त्याने दांडा खाली ठेवला. "टॉप लिंक कोणी आवळली?"

मी म्हणालो, मी.

मग त्याने मला समजावलं. त्यासाठी त्याने दोन्ही तळहात एकापुढे एक धरले. ट्रॅक्टरचं नाक वर झालं, की त्याची मागची बाजू खाली बसते. टॉप लिंक ढिली असेल तर यंत्राचं शेपूट सुटं राहतं, जमिनीप्रमाणे वर-खाली होतं, चाक फक्त टेकतं. टॉप लिंक घट्ट असेल तर ट्रॅक्टर आणि यंत्र एकच लांब पहार होते, आणि ट्रॅक्टर ती पहार मागच्या चाकावर दाबतो. त्याने पुढचा हात उंच केला, मागचा खाली दाबला. पुढच्या क्षणी काय येणार हे मला आधीच माहीत होतं. हे हात मी पाहिले होते.

"हे तुम्ही मला तिसऱ्या वेळी का नाही सांगितलंत?"

"तिसऱ्या वेळी तुम्ही जाड दांडा मागितलात. का वाकला ते विचारलं नाहीत."

दांडा सरळ होताच तो घेऊन मी परस्पर मांजरी गावात संपतच्या घरी गेलो. ओट्यावर त्याची आई, सुशीलाबाई, भुईमुगाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मी कोण ते त्यांना माहीत होतं. त्यांनी "बसा" म्हटलं, पाणी दिलं, आणि पुन्हा शेंगा निवडू लागल्या. त्यांनी मला एखादा शब्द सुनावला असता तर बरं वाटलं असतं. संपत मागच्या दारी होता. ट्रॅक्टरवरून काढल्यापासून तो दुसऱ्याच्या उसात रोजाने जात होता. हाताला उसाच्या पात्याचे ओरखडे होते.

"दांडा माझ्यामुळे वाकला," मी म्हणालो. "टॉप लिंक मी आवळली म्हणून. तुम्ही सांगितलं होतंत."

"हां. सांगितलं हुतं."

"मी ऐकलं नाही."

"तुम्ही म्हणला, लिहून द्या." त्याने ओरखड्यांवरून हात फिरवला. "मला लिहाया येतंय साहेब. धावीपातूर शिकलोय. पर 'टॉप लिंक ढिली ठिवा' एवढं लिहाया कागुद कशाला पायजे? तुम्ही हितंच उभं हुता."

मी म्हणालो की अहवाल परत घेतो, हिंदुरावांना सांगतो.

"सांगू नका," तो म्हणाला. "लिहून द्या. मालकांनी त्यो कागुद खिशात ठिवलाय. सगळ्यांना दाखवत्यात."

मी तिथेच ओट्यावर बसून लिहिलं. कागद सुशीलाबाईंनी नातवाच्या वहीतून फाडून दिला. चार ओळी झाल्या. तक्ता नव्हता. 'पहिला दांडा दगडामुळे वाकला. दुसरा मी चाकाची देखभाल न केल्यामुळे व माझ्या भोंग्यामुळे वाकला. उरलेले दोन व पट्टी मी टॉप लिंक आवळल्यामुळे वाकली. संपत यांनी मला वेळीच सावध केले होते, मी ऐकले नाही.' खाली सही केली. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. माझ्या कुठल्याही मजकुराला ग्रुपवर आजवर कोणी अंगठा दिला नव्हता. त्याला एकशे अठरा आले. हिंमतरावांनी फक्त 'जाड दांड्याचा उल्लेख राहिला' असं लिहिलं.

हिंदुरावांनी नवा कागद वाचला, खिशातला जुना काढला, आणि दोन्ही एकत्र घडी करून परत खिशात ठेवले. "आता दोन्ही दाखवीन," ते म्हणाले. मला ते न्याय्य वाटलं.

सोमवारी सकाळी, मुलं बसला गेल्यावर, संपत आला. त्याने आधी नियमांची तार सोडली आणि प्लास्टिकचा तो कागद माझ्या हातात दिला. मग सरळ केलेला दांडा बसवला, चाकाच्या खोबणीतला चिखल खरवडला, ग्रीस भरलं आणि चाक हाताने गरागरा फिरवून पाहिलं. मग पान्याने टॉप लिंकचा नट सोडला आणि ती पिळत पिळत सैल केली, यंत्राचं शेपूट हाताने चार बोटं वर उचलता येईल इतकी. यंत्र खुळखुळायला लागलं.

तो ट्रॅक्टरवर चढला. पुढे चालत गवतातले दगड बघून काठीने दाखवायला एक माणूस हवा होता. मी काठी घेतली.

दोन तासांत पाऊलवाटेच्या दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. चारी आली तेव्हा मी थांबून मागे पाहिलं. ट्रॅक्टरचं नाक वर झालं, यंत्र डुगडुगलं, मागचं चाक चारीत उतरलं, उसळलं, पलीकडे चढलं आणि मुकाट्याने मागे मागे आलं. दांडा उभा होता. यंत्र इतकं तिरकं चाललं होतं की माझ्या हातांना अक्षरशः खाज सुटली.

संपतने ट्रॅक्टर थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?" मी विचारलं. "काही चुकलं का?"

"न्हाय. बाजूला व्हा साहेब. वळायचंय."

मी झालो. त्याने यंत्र उचललं, मग वळला.